शी! ...मग पुढे काय झालं?

फोन म्हणे सरळ तळ्यात फेकून दिला! अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणारी एनसीएए नावाची बडी संस्था आहे. तिचा मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबद्दलचा निकाल ऑगस्ट 2025 मध्ये बाहेर आला, त्यातला हा प्रसंग. चौकशीचा सुगावा लागला आणि संघाच्या एका माजी कर्मचाऱ्याचा फोन तळ्याच्या स्वाधीन झाला. आता बोला! हा कॉलेजचा खेळ आहे की बँकेवरचा दरोडा? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना असला की मैदानावर असतं कोण? खेळाडूंचे चार मित्र, बळेच पाठवलेले एक सर आणि सावली शोधत आलेलं एक कुत्रं. आणि तिकडे हेर काय, पाळत काय, तळी काय! काय ही शोभा! शिकायला पाठवलंय ना पोरांना?

तर सगळं पहिल्यापासून ऐका. ऐकायचं नसेल तर कानांवर हात ठेवून ऐका, बोटं जरा फाकवलेली असली की पुरे.

ॲन आर्बर हे मिशिगन राज्यातलं गाव, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. एरवी मोठं शहाणं गाव. ग्रंथालयं, प्रयोगशाळा, इस्पितळं, सायकलवरून फिरणारे प्रोफेसर. आणि या शहाण्या गावात एक भलामोठा खड्डा आहे. खड्डाच म्हणायचा, कारण स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे. रस्त्यावरून बघितलं तर वाटतं, हं, असेल बेताचं. आत डोकावलं की डोळे पांढरे! 1 लाख 7 हजार 601 माणसं बसतात. अमेरिकेत याहून मोठं स्टेडियम नाही. वरचा तो एक कशाला, असं विचाराल, तर फ्रिट्झ क्रायस्लर नावाच्या जुन्या कोचच्या मानाची ती एक जागा. कुठली, ते गुपित. देवाला नैवेद्य ठेवतात, यांनी कोचला खुर्ची ठेवली! आणि ही जागा भरते का म्हणाल, तर 8 नोव्हेंबर 1975 पासून घरच्या एकाही सामन्याची गर्दी लाखाच्या खाली उतरलेली नाही. कोरोनाचं 2020 साल तेवढं सोडा, तेव्हा देवळंसुद्धा बंद होती. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव उचलून एका वाडग्यात ओतायचं, दर शरद ऋतूत, सात-आठ शनिवार. (कोल्हापूरकरांनी इथे गालातल्या गालात हसू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे.)

सामन्याच्या शनिवारी विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानाचा गाडीतळ होतो. गोल्फचं मैदान हो! एरवी तिथल्या गवतावर चप्पल घालून चालायची सोय नाही, आणि शनिवारी त्याच गवतावर ट्रकच्या पाठीमागे शेगड्या पेटतात. शेजारीपाजारी आपापल्या घरापुढची हिरवळ गाड्यांना भाड्याने देतात. आठवडाभर त्या हिरवळीवर पान पडलं तरी उचलणारा सद्गृहस्थ शनिवारी हातात पाटी घेऊन रस्त्यात उभा, मुंबईच्या पे-अँड-पार्कवाल्यालाही लाज वाटेल अशा उत्साहाने. लाज कशी वाटत नाही म्हणावं तर त्याच्याही अंगात मक्याच्या दाण्याचा पिवळा आणि गडद निळा. इथला पिवळा नुसता पिवळा नाही बरं का, मक्याचा. सरकारी कागदोपत्रीसुद्धा मका आणि निळा! लग्नाची तारीख काढताना मुहूर्ताआधी संघाचं वेळापत्रक बघतात. शनिवारी दुपारी सत्यनारायण घालणाऱ्या आपल्या माणसांनाही तिथे हळूच विचारलं जातं, ‘घरचा सामना नाही ना?’

खेळाबद्दल काय बोलावं? नाव फुटबॉल आणि पाय लागतो तो सणासुदीला. हा विनोद आपण सगळ्यांनी करून झालाय, सोडून देऊ. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो, त्यातही चेंडू हलतो तेवढा वेळ मोजला तर वरण-भाताचं एक जेवणसुद्धा उरकायचं नाही. बाकी वेळ सगळे घोळका करून कुजबुजत असतात. आपल्याला हे मुळीच आवडत नाही. कुजबुज तर अजिबातच नाही.

2023 च्या हंगामात या खड्ड्याचे राजे होते कोच जिम हारबॉ. स्वतः ऐंशीच्या दशकात इथलेच क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात डाव चालवणारे गडी, 2015 मध्ये कोच म्हणून परतलेले. या माणसाच्या तऱ्हा ऐकल्यात? दूध. साय न काढलेलं दूध पिण्यावर त्यांची भारी श्रद्धा. पोरांनी भरपूर दूध प्यावं असा जाहीर उपदेश. वर्षानुवर्षं तीच ती खाकी पँट, तीही स्वस्तातल्या दुकानातली. आणि कोंबड्या! एकेकाळी या गृहस्थांचं मत असं की कोंबडी हा घाबरट पक्षी, तो खाऊन माणूस घाबरट होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे अंगावर चौकश्या कोसळत असताना, भर पत्रकार परिषदेत त्यांनी जाहीर केलं की घरी कोंबड्या पाळल्यापासून आपलं मत बदललंय, निगा कमी आणि उत्पन्न जास्त असा हा गुणी प्राणी आहे. विचारलं काय होतं, सांगितलं काय! आपल्याकडच्या मुरलेल्या आमदाराने शिकवणी लावावी.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच पहिलं नाटक. कोरोनाकाळात भरतीच्या उमेदवारांना भेटण्यावर बंदी होती, ती मोडल्याच्या आरोपावरून विद्यापीठानेच हारबॉना पहिले तीन सामने घरी बसवलं. गावात बोलबाला काय, तर बिचाऱ्याने दोन पोरांना बर्गर खाऊ घातला म्हणून ही शिक्षा! एनसीएएच्या माणसाला जाहीर सांगावं लागलं की मामला बर्गरचा नाही. ऐकतंय कोण? ‘फ्री हारबॉ’ लिहिलेले टी-शर्ट निघाले. जणू साहेब येरवड्यात आहेत. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी तो शर्ट घालून सामन्याला आला. पहिल्याच डावात पोरं एकामागे एक आगगाडीसारखी उभी राहिली आणि चार बोटं वर केली, कारण साहेब खेळायचे तेव्हा त्यांचा क्रमांक चार. आणि साहेब? ते मुलाच्या शाळकरी सामन्यात यार्ड मोजायची साखळी धरून उभे होते. घ्या! लाखाच्या मैदानावरून उतरले ते साखळीला जाऊन भिडले. व्यसन म्हणतात ते दुसरं काय असतं?

आणि इकडे संघ काय करत होता? चोपत होता. 30–3, 35–7, 31–6, 31–7. मग नेब्रास्काला 45–7, मिनेसोटाला 52–10, इंडियानाला 52–7. ही काय माणसाची वागणूक आहे? पाहुण्याला बोलवावं, दोन घास खाऊ घालावेत, असं काही नाही.

मग नवरात्रात, आपण इकडे घट बसवून सात्त्विक झालेलो असताना, तो बॉम्ब फुटला. खरी गोष्ट इथून सुरू होते, तेव्हा जवळ सरका.

कॉलेजच्या फुटबॉलमध्ये तेव्हा खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हते. व्यावसायिक संघांकडे होते, यांच्याकडे नाही. मग मैदानाच्या कडेला उभे राहून कोचमंडळी हातवारे करणार, कान ओढणार, पोट चोळणार, कार्टून काढलेले फलक नाचवणार, आणि आतली पोरं त्यावरून ओळखणार की आता पळायचं की चेंडू फेकायचा. समोरच्याचे हातवारे सामन्यातच बघून तिथल्या तिथे अर्थ लावला, तर गुन्हा नाही, सगळेच लावतात. पण पुढे ज्याच्याशी खेळायचंय त्याच्या सामन्याला आधीच माणूस पाठवून बघायचं, ते 1994 पासून बंद. आणि मिशिगनच्या कचेरीत कॉनर स्टॅलियन्स नावाचा एक कर्मचारी होता, तळ्यातला तो फोन याचाच. मरीन दलातून कॅप्टन म्हणून बाहेर पडलेला, पगार 55 हजार डॉलरच्या घरात. त्याने काय करावं? प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढावीत, ती ओळखीपाळखीच्यांना वाटावीत, आणि त्यांनी तिथे बसून फोनवर समोरच्या कोचचं पोट चोळणं टिपावं! एनसीएएच्या हिशेबात तीन हंगामांत 52 सामने. या मंडळाला आतल्या वर्तुळात काय म्हणत माहीत आहे? केजीबी. पुरावे मागे राहू नयेत असं वाटणारा माणूस स्वतःच्या टोळीला केजीबी म्हणतो!

पुढचं ऐका. तिकिटं काढली ती कशी? स्वतःच्या नावावर! आपल्याकडचा पोरगा वर्ग चुकवून सिनेमाला जातो तेव्हासुद्धा तिकीट मित्राला काढायला लावतो. हा माणूस सैन्यात होता म्हणे. बातम्यांत असंही आलं की त्याने शेकडो पानांचा एक जाहीरनामा लिहून ठेवला होता, एक दिवस मिशिगनचा संघ आपण कसा चालवायचा याचा. आणि घरी जुने व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करून विकण्याचा जोडधंदा. या व्हॅक्यूम क्लीनरवर खरं सांगायचं तर आपलं फार मन बसलं. चोरी बघून संतापायचं असतं, पण ओसरीवर व्हॅक्यूम क्लीनर मांडून बसलेल्या हेरावर कितीसं संतापणार?

आणि याच माणसाचा तो फोटो! 1 सप्टेंबर 2023. सेंट्रल मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांचा सामना. सेंट्रल मिशिगनच्या कोचमंडळींच्या रांगेत, त्यांचाच गणवेश चढवून, वर काळा गॉगल लावून उभा कोण? आपला केजीबी! संध्याकाळचा सामना, आणि गॉगल. मराठी नाटकात वेषांतर केलेला नायक मिशी लावून येतो आणि सख्खी बायको त्याला ओळखत नाही. आपण त्याला हसत आलो. अमेरिकेत तर गॉगलवरच भागलं. आठ आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हारबॉसाहेबांनी निवेदन काढलं की आपल्याला यातलं काही ठाऊक नाही. अट्टल दूध पिणाऱ्या माणसाने असं म्हटलं की डोळे मिटलेलं मांजर आठवतंच, त्याला आपण काय करणार? स्टॅलियन्सने 3 नोव्हेंबरला राजीनामा दिला. आणि मिशिगनवाले लाजेने चूर झाले असतील, असं आपल्याला वाटलं. छे! आपला तो बाब्या. बाकीचे संघ काय धुतल्या तांदळाचे का? आमचेही हातवारे त्यांनी एकमेकांना पुरवलेत! चिडलेत, कारण हरतायत! डॉक्टर, वकील, नोबेलच्या गप्पा मारणारे प्रोफेसर, सगळे एका सुरात. ‘मिशिगन व्हर्सेस एव्हरीबडी’ असे शर्ट निघाले. अख्ख्या जगाशी वैर, तेही छापील! तो शर्ट किती जणांनी पुण्याला येताना बॅगेत घालून आणला, याची चौकशी कुणी केलेली नाही. करूही नये, आपल्या कपाटातच निघायचा.

आता आपल्याच माणसांकडे वळू. डेट्रॉईटच्या आसपास मराठी मंडळी रगड. मोटारींचे कारखाने तिथे, मोटारींचे इंजिनियर पुण्या-नाशकात. व्हायचं ते झालं. नोव्हाय, कँटन, ट्रॉय, सगळीकडे तुळशीची कुंडी थंडीत घरात घेणारी घरं आहेत. आधी ही माणसं क्रिकेटसाठी जागायची. पोरगं मिशिगन विद्यापीठात लागलं आणि घरात मका शिरला. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आज्या तर सर्वांत आधी फितूर झाल्या. ‘चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला. सोपं तर आहे!’ असं एक आजी जावयाला समजावून सांगत होत्या, हातात भरली वांगी करायची वांगी, टीव्हीवर पेनल्टी. पंखांचं चित्र असलेलं हेल्मेट ते आपलं, एवढी खूण त्यांना पुरते. आणि तो मॅकार्थी! सामन्याआधी गोलपोस्टच्या खांबाला टेकून, मांडी घालून, डोळे मिटून ध्यान करायचा. हे कळलं आणि सदाशिव पेठेतून होणारा उरलासुरला विरोध मावळला. ध्यान करणारा मुलगा वाईट संगतीत असेल तरी कसा?

10 नोव्हेंबर, धनत्रयोदशी. संघाचं विमान पेनसिल्व्हेनियाकडे निघालेलं, आणि बिग टेन या गटाच्या आयुक्तांनी हारबॉना उरलेले तीनही नियमित सामने मैदानावर यायला बंदी केली. सरावाला या, सामन्याला नको. सण बघितला नाही, सूद बघितला नाही! इकडे कोथरूडात शनिवारची सकाळ, तिकडे कँटनात शुक्रवारची रात्र.

‘अरे, फराळाचं पार्सल पोचलं का?’

‘पोचलं. आई, आत्ता नको गं, हारबॉला काढलंय.’

‘कुणाला? तुझ्या ऑफिसातला का?’

‘कोच गं आमचा! तीन सामने मैदानावर यायचं नाही.’

‘अगंबाई! मग उद्या खेळवणार कोण?’

झालं. हा शेवटचा प्रश्न विचारला की माणूस संपला. चकलीचा विषय फोनवर पुन्हा निघालाच नाही.

खेळवलं शेरोन मूर यांनी, हारबॉंच्या हाताखालच्या कोचनी. तो पेन स्टेटचा सामना भारतात रात्री साडेदहाला सुरू झाला. त्यात मिशिगनने पुढे पुढे चेंडू फेकायचंच सोडून दिलं. अधिकृत नोंदीत सलग 32 डाव नुसतं पळणं. 32! ओळखा आता आमचे हातवारे, म्हणाले असतील. आम्ही काय करणार ते सांगून करतो, अडवा. पेन स्टेटला अडवता आलं नाही, 24–15. आणि सामना संपल्यावर मूरसाहेब कॅमेऱ्यापुढे ढसाढसा रडले, हारबॉवर आपलं किती प्रेम आहे ते सांगताना मध्ये कचकचीत शिवीही घातली. थेट प्रक्षेपणात! असभ्यपणाची कमाल झाली. आपण ती चित्रफीत तीनदा बघितली, कमाल नीट कळावी म्हणून. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, 12 तारखेला आलं होतं, आणि अभ्यंगस्नानाला घरात सर्वांत आधी कोण हजर होतं? बाबा. उठले कसे एवढ्या पहाटे, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. ते झोपलेच नव्हते हो.

पुढच्या शनिवारी मेरीलँडला 31–24 हरवून मिशिगनने एकूण हजारावा विजय मिळवला. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर कुणीच पोचलेलं नव्हतं. 1879 पासून खेळतायत. ती आपली 18 नोव्हेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला क्रिकेटच्या अंतिम सामन्यात काय झालं, ते इथे लिहिणार नाही. त्या आठवड्यात मराठी घरांत मिशिगनची भरती एकदम का वाढली, ते तुम्हीच ओळखा. दुःखी माणसाला जिंकणारा संघ लागतो.

आणि मग ओहायो. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्यात विस्तव जात नाही म्हणणं म्हणजे विस्तवाचा अपमान. 1835 मध्ये टोलेडो नावाच्या पट्ट्यावरून ही दोन राज्यं एकमेकांवर सशस्त्र माणसं घेऊन चालून गेली होती. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनच्या पदरात वरचं जंगलांनी भरलेलं द्वीपकल्प पडलं. सीमाप्रश्न म्हटला की आपले कान टवकारतात, तेव्हा आपल्याला हे वैर लगेच उमगलं, एवढंच. पण बेळगावच्या प्रश्नात आपण बाराखडीतलं अक्षर तरी शाबूत ठेवलंय. ओहायो स्टेटच्या कोलंबसला सामन्याच्या आठवड्यात काय करतात? विद्यापीठाच्या पाट्यांवरच्या ‘एम’ या अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात! मिशिगन हे नाव तर उच्चारतच नाहीत, ‘वरच्या अंगाचा तो संघ’ म्हणतात. सून सासूचा उल्लेख करते तसा. इतकं शिकून काय मिळवलं?

25 नोव्हेंबरचा तो सामना अमेरिकेत 1 कोटी 90 लाखांवर लोकांनी टीव्हीवर बघितला. आपल्याकडे किती जणांनी, ते मोजायची सोय नाही, कारण इकडे तो मोबाइलच्या आडव्या खिडकीत दिसत होता: मुलगा तिकडे टीव्हीपुढे फोन धरणार, आणि मध्येच तो उडी मारणार म्हणून आपल्याला छताचा पंखा दिसणार. तिसऱ्या सत्रात मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. दोन्ही हाडं. एवढा मोठा खड्डा गप्प झाला. त्याला गाडीवरून नेलं, आणि लगेच पुढच्याच डावात ब्लेक कोरम 22 यार्ड पळत जाऊन टचडाउन करून मोकळा! मग त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवले, 65 हा झिंटरचा क्रमांक. आता असल्या वेळी माणसाने डोळे पुसावेत की नियमभंगाचा निषेध करावा? तुम्हीच सांगा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओहायोने फेकलेला चेंडू रॉड मूरने मध्येच पकडला आणि 30–24. सलग तिसऱ्या वर्षी ओहायोचं नाक कापलं, तेही कोच घरी असताना. मुख्याध्यापक रजेवर असले की वर्ग बिघडतो म्हणतात. इथे सुधारला!

हारबॉ परत आले तेव्हा आयोवाला 26–0 करून गटाचं विजेतेपद खिशात. मग 1 जानेवारी 2024, कॅलिफोर्नियातला रोझ बोल, म्हणजे उपांत्य सामना, समोर अलाबामा. आपल्याकडे 2 तारखेची पहाट, साडेतीन वाजले होते. साडेतीनला माणूस एक तर काकड आरतीला उठतो नाहीतर स्टेशनवर जायला. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मिशिगन 20–13 असं मागे. मग रडतखडत बरोबरी. मग वेळ संपता संपता स्वतःच्याच गोलरेषेजवळ एका पोराच्या हातून चेंडू निसटला आणि अख्ख्या मिशिगनचा जीव त्या एका यार्डावर टांगला. वाचले. जादा वेळेत कोरमने 17 यार्डांवरून टचडाउन केलं, आणि अलाबामाचा शेवटचा डाव तीन यार्डांवरून अडवला. 27–20. शेजारच्यांनी सकाळी विचारलं की पहाटे कुणी किंचाळलं का. आपण म्हटलं, झुरळ होतं.

ह्यूस्टनचा अंतिम सामना मात्र सरळ झाला. वॉशिंग्टन विद्यापीठाला 34–13. डोनोवन एडवर्ड्सच्या दोन लांबलचक धावा, कोरमचे दोन टचडाउन, हंगामात त्याने पळून केलेले एकूण 27. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. 1997 मध्ये विजेतेपद वाटून घ्यावं लागलं होतं. निर्विवाद असं 1948 नंतर पहिल्यांदाच. हारबॉंनी शब्द दिल्याप्रमाणे खांद्यावर 15–0 गोंदवून घेतलं. साठी पार केलेला गृहस्थ! आणि अंतिम सामन्याला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाने बोलावलं, साहेब कोंबड्यांचा निरोप घेऊन चालते झाले.

निकाल आला तो आणखी दीड वर्षाने. विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड. स्टॅलियन्सवर आठ वर्षांचा ठपका, हारबॉंवर दहा वर्षांचा, आधीच्या शिक्षेला जोडून. विजेतेपद? ते काढून घेतलं नाही! म्हणजे दंड भरा आणि ट्रॉफी कपाटात ठेवा. तोंडाने हाय हाय म्हणत आपण हा निकाल शेवटच्या पानापर्यंत वाचला, कुणी कुणाला काय निरोप पाठवले आणि कुणी ते पुसले यासकट. दरम्यान 2024 पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आले, पोट चोळायचं कारणच उरलं नाही. याचं मात्र मनापासून वाईट वाटतं. इतकी वर्षं मेहनतीने बसवलेली ती नाच-गाणी, ती फलकावरची कार्टूनं, सगळं एका माणसाच्या हौसेपायी गेलं. त्याच वर्षी त्या खड्ड्यात बिअर विकायला परवानगी मिळाली. म्हणजे 2023 चा तो सगळा धिंगाणा, निदान आतल्या दुकानांपुरता, कोरडा होता! शुद्धीवर असताना ही अवस्था!

आणि त्या केजीबीवाल्यावर नेटफ्लिक्सने माहितीपट काढला. चोरावर माहितीपट! उद्या पेपर फोडणाऱ्यांवर काढतील. आपण असलं काही बघत नाही. शेवटची दहा मिनिटं तर मुळीच बघितली नाहीत, तेवढ्यात कुकरच्या शिट्या झाल्या. काय दाखवलं हो शेवटी?